चिपाडचे दात

नातवाच्या कुत्र्यानं परवा माझ्या चष्म्याची दांडी खाल्ली. खाल्ली म्हणजे चावून चावून तिचं पार दातवण करून टाकलं. मी ओरडायच्या आत सूनबाईच म्हणाली, "आई, त्याचे दात यायलेत हो, त्याला काही बोलू नका." आणि तिनं फ्रीजमधून गार गाजर काढून त्याच्यापुढं ठेवलं. त्या कुत्र्याला रबराचं हाड आहे, दोरीची गाठ आहे, पाण्यात भिजवून गार करायची एक निळी कडी आहे. कुत्र्याच्या हिरड्यांसाठी अंबाजोगाईच्या दुकानात अख्खी फळी भरलेली असते, हे मला या वयात कळलं.  चष्म्याचं मला एवढं काही वाटलं नाही, पण गाजर कुरतडणारं ते तोंड बघून आमचं चिपाड आठवलं. चिपाड आठवलं की कौशी आठवते, आणि कौशी आठवली की मला आईचा राग येतो. आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. मग त्या रागाची माझी मलाच लाज वाटते, कारण तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आमचं घर तलवाड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या अगदी कडेला. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, आणि पडवीत आईची चूल. आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेत मापाला होते. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन यायचे, आबा माप करायचे, काचेच्या नळीत नमुना घेऊन फॅट काढायचे. किटल्यांच्या कड्यांचा तो आवाज आमच्या घरचं घड्याळ होता. पण त्या साली तो आवाज बारीक बारीक होत गेला. पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला तो गेलाच. जनावरं छावणीला गेली, किटल्या रिकाम्या झाल्या. गावातला हापसा दिवसभर नुसता खडाक खडाक वाजायचा, आणि त्यातून यायची ती हवा. टँकर यायचा आणि आडात पाणी सोडायचा, मग बायका दोऱ्या-बादल्या घेऊन आडावर तुटून पडायच्या. आमच्या घरी भांडी राखेनं घासून एकाच पाण्यात विसळायची, ते पाणी पाय धुवायला, आणि पाय धुतलेलं पाणी दारातल्या कडुलिंबाला. माझ्या हातून एकदा अर्धा तांब्या सांडला तर आईनं पाठीत असा धपाटा घातला की जेवणं होईपर्यंत पाठ चुरचुरत होती. आई तोंडानं फटकळ आणि हातानंही. पण रिकाम्या हातानं तिच्या दारातून कुणी गेलंय असं तोवर तरी मी बघितलं नव्हतं.

शेजारच्या घरात कौशी राहायची. नाव कौसल्या, पण अख्खं गाव कौशीच म्हणायचं. आम्ही एका वर्गात, एका बाकावर. तिचे आईबाप, गयामावशी आणि दगडूकाका, दरसाल दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्याकडं जायचे आणि पाडव्याच्या पुढंमागं परत यायचे. आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी माणसं माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम विचारतो, "तुमच्या घरचे किती कोयते?" एकटा गडी असला तर अर्धा कोयता. आणि पोरगी? पोरगी कशातच धरत नाहीत. ती जाते, मोळ्या बांधते, धाकट्यांना सांभाळते, स्वयंपाक करते, पण तिला कोयता म्हणत नाहीत. कौशी आजवर गेली नव्हती, कारण घरी तिची म्हातारी आजी असायची. त्या साली पोळ्याच्या सुमाराला आजी गेली.

गयामावशी आमच्याकडं आली ते मला स्वच्छ आठवतं. आई भाकरी थापत होती. कौशी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या कडेवर, लेकराला घ्यावं तसं, कुत्र्याचं एक पिल्लू. बरगड्या दिसत होत्या त्याच्या. चरकातून निघालेल्या उसासारखं वाळकं दिसतंय म्हणून तिनं त्याचं नावच चिपाड ठेवलं होतं.

"वैनी, एक इचारायचं व्हतं," गयामावशी म्हणाली. ती आत आली नाही, पडवीच्या कडेलाच बसली. "म्हातारी व्हती तवर घोर न्हवता. आता हिला कुनापाशी ठेवावं कळंना. तुमच्या सुमीसंगं साळंला जाईल. भांडीकुंडी करील. पडवीत पडून राहील बापडी. पाडव्याला आमी येतावच की."

मी आनंदानं आईकडं बघितलं. आईची भाकरी हातावर फिरतच होती. "गया, न्हाई कसं म्हनू गं तुला," ती म्हणाली. "पर पान्याचं बगतीस न्हवं? आमचं आमाला पुरंना. त्यात आनखी एक तोंड..."

"खरं हाय, खरं हाय," गयामावशी घाईघाईनं म्हणाली. जणू नाही म्हणण्याचा त्रास आईला होऊ नये, हीच तिला काळजी. "तुमचं बरोबर हाय वैनी. मीच आपलं इचारून बगितलं."

तेव्हा खांबाजवळून कौशी बोलली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कौशीला टोमणा मारता येतच नसे, ती सरळ मनाची पोर. ती म्हणाली, "मंग ह्याला तरी ठिवता का काकू? ह्याचं तोंड लई बारकं हाय."

आईची भाकरी परातीत पडली. फाटली. आईनं तो गोळा पुन्हा केला, पुन्हा पाणी लावलं, आणि मान वर न करता म्हणाली, "ठिव."

दोन दिवसांनी ट्रक आला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारे, तान्ही पोरं, सगळं त्यात चढलं. कौशीनं चिपाडला माझ्या हातात दिलं आणि डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या खांद्यावर टाकली. पाण्याच्या घागरीखाली ठेवायची तिची ती चुंबळ, जुन्या लुगड्याची वळलेली, खोबरेल तेलानं आणि घामानं काळी झालेली. "ही त्याच्या अंगाखाली ठिवत जा," म्हणाली. "माझा वास ऱ्हाऊ दे त्याला. न्हाईतर इसरंल मला."

वरून गयामावशी ओरडली, "अगं ये भवाने, चुंबळ दिलीस, आन तिथं मोळ्या काय बोडक्या डोक्यावर वाहतीस व्हय?"

"पाचटाची करीन की!" कौशी हसून म्हणाली. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. ती किती धारदार असतात हे आम्हां दोघींनाही ठाऊक नव्हतं. ट्रकच्या फळीला धरून ती परत वाकली. "सुमे, त्याचे दात यायलेत बग. जे दिसंल ते चावायलंय. मारू नगस गं त्याला. त्याला कळत न्हाई अजून."

ट्रक गेला. मैत्रीण गेली म्हणून मी रडले का? नाही. माझ्या हातात पिल्लू होतं आणि मी खूश होते. किती दिवस मी कुत्रं मागत होते आणि आई ठेवू देत नव्हती. ट्रकचा धुरळा बसायच्या आत मी चिपाडला घेऊन पडवीत पळाले. ही गोष्ट आजही माझ्या मनात खुपते. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं माझा मुलगा म्हणतो. कौशी माझ्याच वयाची होती.

आणि मग ते चावणं सुरू झालं. बाई गं, काय काय खाल्लं त्यानं! पहिला घास आबांच्या वहाणेचा. मग माझ्या दप्तराचा पट्टा. मग केरसुणी, जी लक्ष्मी म्हणून आम्ही पायानंसुद्धा सरकवत नसू, तिचं त्यानं पडवीभर गवत केलं. बादलीच्या दोरीची गाठ, सुपाची कड, काठवटीचा कोपरा, आबांच्या संस्थेच्या पिशवीचा बंद. दिवसभर कुर्र कुर्र चालू. हात पुढं केला की मनगट तोंडात. दात म्हणजे सुया, माझ्या हातांवर बारीक बारीक रेघाच रेघा. मी वाट बघत होते आता आई काठी उचलते म्हणून. ज्या दिवशी त्यानं आईच्या जोगाईच्या जत्रेतून आणलेल्या वहाणांचा अंगठा उपटला, त्या दिवशी तर मी त्याला पोटाशी धरून आडोशालाच लपले. आईनं वहाण हातात घेतली, उलटसुलट बघितली, आणि म्हणाली, "खाऊ दे. हिरड्या शिवशिवत्यात त्याच्या." मला वाटलं हिला ताप-बिप आला की काय.

त्यानंतर आईनं त्याच्या तोंडाचा जणू वसाच घेतला. आमच्या माठाला बाहेरून ओलं फडकं गुंडाळलेलं असे. माठातून झिरपेल तेवढ्यावरच ते ओलं राहायचं. दुपारचं ऊन तापलं की आई त्या फडक्याची गार पट्टी सोडवून चिपाडच्या तोंडात द्यायची. ते डोळे मिटून चघळत पडायचं. शिळ्या भाकरीचा कडक पापुद्रा ती त्याच्यासाठी वेगळा काढायची. आणि एके दिवशी तिनं डब्याच्या तळातून खारीक काढली. तान्ह्या लेकराचे दात येताना आमच्याकडं खारीक दोऱ्याला बांधून हातात देतात, चोखायला. तशीच, बी काढून, दोऱ्यात ओवून तिनं ती खांबाला बांधली. त्या साली खारीक म्हणजे बाळंतिणीच्याच घरात मिळायची गोष्ट. मी म्हणाले, "कुत्र्याला खारीक? मला कदी दिली का गं?"

"तुलाबी दिलती," आई म्हणाली. "तुझ्या वक्ताला पाऊस व्हता."

आबांचंही तसंच. आबा म्हणजे सरळ रेघेचा माणूस. नमुना काढून किटलीच्या तळाशी घोटघोट दूध उरतं, ते घरी न्यायची बऱ्याच ठिकाणी रीतच असते आणि लोक त्यावरून कुजबुजतातही. आबांनी जन्मात ते कधी आणलं नव्हतं. मी आजारी असतानासुद्धा नाही. पण एका संध्याकाळी ते आले आणि सदऱ्याच्या आडून त्यांनी एक बारका लोटा काढला. आईनं बघितलं, मी बघितलं. आबा कुणाकडं न बघता म्हणाले, "सँपलचं हाय. सांडूनच जायचं." ते त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर ओतलं आणि चिपाडपुढं सरकवलं. मग दोघं नवराबायको शेजारी उकिडवे बसून त्याचं खाणं बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, यांना माझ्याइतकाच पिल्लाचा लळा लागलाय. आपल्या आईबापाच्या मनाला काहीतरी टोचतंय, हे कळायचं माझं वय नव्हतं. त्या घरात दोघांनीही कौशीचं नाव काढलेलं मला आठवत नाही. वर्गात मात्र मास्तर हजेरीला तिचं नाव घ्यायचे आणि मी खाली बघायचे. पुढं मीच मास्तरीण झाले. दरसाल दसरा झाला की माझा वर्ग निम्मा व्हायचा, आणि रिकाम्या बाकांकडं बघून शिकवताना माझा आवाज चढायचा. पोरं म्हणायची, बाई उगाच चिडतात.

चुंबळीचं सांगायचं राहिलं. चिपाड झोपायचं त्या चुंबळीवरच, आणि चावायचंही तीच. कुणी घ्यायला गेलं की गुरगुरायचं. एक पदर फाटला की आई आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन तिथं गुंडाळायची, दाभणानं टाके घालायची. आठवड्याभरात दुसरीकडून फाटायची, की पुन्हा पट्टी. मी एकदा म्हणाले, "आता फेकून दे की, नवी वळून दे." तर माझ्यावर खेकसली, "पोरीची ठेव हाय ती. फेकून दे म्हनं!"

शिमग्याच्या अलीकडचा दिवस असेल. टँकर आला होता. आडावर सगळं गाव लोटलेलं, भर दुपार. आईचा नंबर अगदी जवळ आला होता, घागर काठावर टेकवून ती पदर खोचत होती. तेवढ्यात चिपाड घरून आमच्यामागं आलं. तोंडात चुंबळ. तोंडातून लाळेच्या तारा, आणि चुंबळीवर रक्त. टँकरच्या नळीखाली चिखल झाला होता, त्यात चार बोटं पाणी साचलं होतं आणि गावातली सगळी कुत्री, कोंबड्या, चिमण्या त्याच्यावर तुटून पडल्या होत्या. चिपाड त्या पाण्याजवळ गेलं, वास घेतला, आणि तसंच पुढं निघालं. त्याला चुंबळ सोडायची नव्हती एवढंच. पण सांडलेलं पाणी सोडून जाणारं जनावर त्या साली कुणी बघितलं नव्हतं.

"पिसाळलंय!" नामदेवतात्या ओरडले. त्यांचं वासरू छावणीवर पिसाळलेलं कुत्रं चावून गेल्याच महिन्यात मेलं होतं. "पान्याला तोंड लावंना बगा! लाळ गळायली, रगत हाय तोंडाला! काठी आन बे, बगत काय बसलास!"

पळापळ झाली. बायकांनी पोरं उचलली. दोघा-तिघांच्या हातात काठ्या, एकाच्या हातात धोंडा. मी ओरडले पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. नामदेवतात्यांनी काठी वर उचलली तेव्हा आई मध्ये होती. रांग सोडून, घागर टाकून. घागर घरंगळत गेली आणि तिचा तो ठणठण आवाज माझ्या कानात अजून आहे. आई चिखलात फतकल मारून बसली, तिनं चिपाडला मांडीवर ओढलं आणि सगळ्या गावासमोर त्याच्या तोंडात हात घातला.

"वैनी, हात काडा! चावंल!"

"चावू दे मला!" आई म्हणाली. तिनं दातांतून चुंबळ सोडवली. चुंबळीच्या धाग्यांत काहीतरी अडकलं होतं, ते तिनं चिमटीत धरून वर केलं. तांदळाच्या दाण्याएवढं. "ह्यो बगा! दात हाय, दात! दुधाचा दात पडलाय त्याचा! तुमच्या लेकरांचे कदी पडले न्हाईत का? रगत कदी आलं न्हाई का त्यांच्या तोंडाला? चालले काठ्या घिऊन लेकराला मारायला!"

 आईला तिथंच थांबता आलं असतं. पण तिचा आवाज एकदम फुटला. "त्या पोरीनं ठेव दिलीय माझ्यापाशी," ती म्हणाली. "म्या तिला ठिवलं न्हाई, कुत्रं ठिवलं. उद्या ती आली म्हंजी तिला काय तोंड दाखवू मी?" आणि ती रडायला लागली. भर गर्दीत, चिखलात बसून, पिल्लाच्या पाठीत तोंड खुपसून. माझी आई मी अशी आधी कधी बघितली नव्हती. नामदेवतात्यांनी काठी टाकून दिली आणि ते घागर उचलायला गेले. तोवर आडातलं पाणी संपून बादल्यांना गाळ लागायला लागला होता.

आम्ही रिकामी घागर घेऊन घरी निघालो. वाटेत आई म्हणाली, "पान्याचं न्हवतं गं सुमे."

"काय?"

"पान्याचं न्हवतं. तांब्याभर पानी काय, दिलं असतं. पर वयात आल्याली पोर, दुसऱ्याची. तुझा बाप दोनी टायमाला संस्थेत. उद्या कुनी काई बोललं, काई झालं, तर गयाला काय जाब देऊ? म्या भ्याले. आन तोंडाला आलं ते पानी." मग थोडं चालून म्हणाली, "तिनं आयकून घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं."

संध्याकाळी नामदेवतात्यांच्या बायकोनं एक हंडा पाणी आणून आमच्या पडवीत ठेवला. आईनं मला दात दिला. माझे दुधाचे दात शेणाच्या गोळीत घालून पत्र्यावर फेकले होते. जनावरं छावणीला, शेण कुठलं आणायचं! मी मातीच्याच गोळीत घातला आणि फेकला. पत्र्यावर टण्ण वाजला. आई त्याच रात्री आबांना म्हणाली की निरोप पाठवा, कौशीला पाठवून द्या म्हणावं, आम्ही ठेवतो, परीक्षेला तरी बसेल. कारखान्याकडं जाणारा गावातलाच एक ड्रायव्हर होता, आबा सकाळी उठून त्याच्या घरी गेले. त्यानं निरोप नेला. उत्तर आलं नाही. आई रोज संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून बसायची, चिपाड शेजारी. त्याचे एकेक करून नवे दात आले, मोठे, पांढरे. चावणंही कमी झालं. चुंबळ तेवढी त्यानं सोडली नाही.

पाडवा होऊन गेला आणि ऊन नुसतं भाजत होतं तेव्हा ट्रक आला. मी धावत गेले. उतरणाऱ्या माणसांत मी कौशीला शोधत होते आणि ती माझ्यासमोरच उभी होती, मला ओळखता आली नाही. साडी नेसली होती. हातात हिरव्या बांगड्या. काळी पडली होती, आणि डोक्यावर मधोमध रुपयाएवढ्या जागेवरचे केस झडून गेले होते. हातांवर पाचटाच्या रेघा. माझ्या हातावर चिपाडच्या दातांच्या होत्या तशाच.

"कुठं हाय माझं चिपाड?" तिनं पहिलं हेच विचारलं.

चिपाड आमच्या पडवीत होतं. तिला बघून उठलं आणि भुंकलं. चांगलं दात काढून, परक्यावर भुंकतात तसं. मी त्याला ओढलं, "अरं कौशी हाय, कौशी!" म्हणाले, पायाखालची चुंबळ उचलून त्याच्या नाकाशी धरली. पण त्या चुंबळीत आता कौशीनं दिलेल्या लुगड्याचा धागा शिल्लक होता कुठे? सगळी आईच्या पट्ट्यांचीच झाली होती. कौशीनं ती हातात घेऊन बघितली. तिला वाईट वाटलं की नाही कळलं नाही. तिनं गाठोड्यातून उसाचं एक कांडं काढलं, सोललं आणि त्याच्यापुढं धरलं. त्यानं वास घेतला, मग खाली बसून दोन पायांत धरून कडाकडा फोडायला लागलं. "मला वळखंना," कौशी हसली, "पर उसाला वळखलं बग." तिनं हळूच त्याचा ओठ वर करून बघितला. "आगं माय! सगळे दात आले की गं ह्याचे! लई निगा केलीस सुमे."

"मी न्हाई," मी म्हणाले. "आईनं."

आई दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती बाहेर आली, कौशीचं तोंड तिनं दोन्ही हातांत धरलं, आणि इतके दिवस घोकून ठेवल्यासारखं एका दमात म्हणाली, "कौसे, औंदा तू हितंच ऱ्हायाचं. सुमीसंगं साळंला जायाचं. मी बगते पान्याचं. मी बगते सगळं. गयाला मी सांगते."

कौशी लाजली. बांगड्या मागं सारल्या. "आता कसं काकू," ती म्हणाली. "औंदा माझाच कोयता हाय."

आईला कळायला एक क्षण लागला. मलाही. मागून गयामावशी गाठोडं घेऊन येत होती. ती म्हणाली, "निरोप आलता तुमचा वैनी. पर तवर बोलनी झालती. पोरगी कुठवर संगं न्यावी, कुठवर राखावी तिथं, खोपीत? टोळीतलाच पोरगा हाय. गरीब हाय सभावानं." आणि मग तिच्या सवयीप्रमाणं घाईघाईनं, आईला वाईट वाटू नये म्हणून, "तुमच्यावर बोल न्हाई हां वैनी. तुमचं बरोबरच व्हतं. पान्याचं लई वाईट साल व्हतं."

आई आत गेली. रांजणाचं झाकण सरकल्याचा आवाज आला. ती घागर भरून घेऊन आली, काठोकाठ. लांबून आलेल्या माणसाला पाय धुवायला पाणी द्यायची आमच्याकडं रीत आहे, पण त्या साली ती रीत गावानं कधीच सोडली होती. आईनं कौशीला पडवीच्या दगडावर उभं केलं आणि तिच्या पायांवर पाणी ओतायला लागली. पायांवरचा फुफाटा वाहून गेला, भेगा दिसायला लागल्या, तरी ती ओततच होती.

"बास काकू," कौशी म्हणाली. "काकू, बास. पानी वाया चाललंय."

आई थांबली नाही. कौशी माझ्याकडं बघायला लागली. चिपाड ऊस टाकून आलं आणि तिच्या पायांजवळचं पाणी लपालपा पिऊ लागलं. घागर रिकामी झाली तेव्हा आई पुन्हा आत गेली, दुसरी भरून आणायला.